रूळ गॅसने जोडत नाहीत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रुळाला तडा जाऊन लोकल रखडल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. 'गॅस वेल्डिंगचा सांधा निखळला' हे त्यातले वाक्य खटकले. माझी उभी हयात रेल्वेच्या पी-वे खात्यात, म्हणजे रूळमार्गाच्या देखभालीत, गेली. गॅस लागतो तो रुळाची टोके लालभडक तापवायला. सांधा होतो तो एटी (ॲल्युमिनो-थर्मिक) वेल्डिंगने, म्हणजे दहावीच्या विज्ञानातल्या थर्मिट अभिक्रियेने.

दोन टोकांमध्ये साधारण 25 मिलिमीटरची फट ठेवायची, भोवती वाळूचे साचे बसवून कडा लिंपून घ्यायच्या. वर क्रुसिबल, म्हणजे प्रचंड उष्णता सोसणारे भांडे, आणि त्यात 'पोर्शन': लोखंडाचे ऑक्साइड, ॲल्युमिनियमचा चुरा आणि पोलादाला लागणारी थोडी इतर भर. पेटवले की अर्ध्या मिनिटाच्या आत खेळ आटोपतो. ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा जास्त, म्हणून ते ऑक्साइडमधला ऑक्सिजन हिसकावून घेते. त्या झटापटीत तापमान 2000 अंशांच्या वर जाते. लोखंड तर 1538 अंशांनाच वितळते. जड रस तळाशी बसतो, ॲल्युमिनियम ऑक्साइडची धातुमळी वर तरंगते. बूड उघडले की रस साच्यात. हिशेबाने 160 किलो फेरिक ऑक्साइडला 54 किलो ॲल्युमिनियम लागते आणि 112 किलो लोखंड सुटते.

माझी नात यंदा दहावीला आहे. 'क्षपण म्हणजे ऑक्सिजन निघून जाणे' हे तिला तोंडपाठ. पण निघून जातो कुठे, असे विचारले की गप्प! तिच्या शाळेच्या खिडकीतून रूळ दिसतात; उत्तर त्यांच्या सांध्यातच आहे.

आता तड्याविषयी. पावसाळ्यात पोर्शनची पिशवी फाटलेली निघाली की आम्ही ती सरळ बाजूला टाकायचो. चुरा ओलसर असेल तर त्या उष्णतेत पाण्यातला ऑक्सिजनही ॲल्युमिनियम ओढून घेते, उरलेला हायड्रोजन रसात शिरतो आणि सांध्यात बुडबुडे राहतात. वरून घासला की सांधा चकचकीत दिसतो. थंडीत रूळ आकसला की नेमका तिथेच तडकतो. टोके पुरेशी तापली नाहीत तरी रस नीट धरत नाही, आणि ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ, अपुरा मिळाला की पहिली काटछाट त्या तापवण्यातच होते.

तेव्हा पुढच्या वेळी आपल्या वार्ताहराने एवढे जरूर विचारावे: ब्लॉक किती मिनिटांचा होता, आणि पोर्शन कुठे ठेवले होते?

– एक निवृत्त पी-वे कर्मचारी, कल्याण