नौदल कमांडोच्या कोर्सला निघालेल्या ओंकारला

तारकर्ली,
१४ सप्टेंबर २०२५

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर "बाबा, नाव लागलं" एवढंच म्हणालास आणि मी "बरं झालं" म्हणून फोन आईच्या हातात दिला. तिला वाटलं मी रागावलो. रागावलो नव्हतो रे, पडवीत जाऊन नुसता बसलो होतो. फोनवर मला नीट बोलता येत नाही, आणि एकदा आत गेलास की फोन तुझ्याजवळ किती वेळ राहील कोण जाणे. म्हणून हे पत्र. मोठं होणार आहे, सावकाश वाच.

आधी एक गोष्ट मान्य करतो. मी मार्कोस, म्हणजे नौदलाचा कमांडो, नव्हतो. १५ वर्षं नेव्हीत काढली, त्यातले थोडे दिवस शिप्स डायव्हरच्या कोर्सवर. कमांडो झालेले दोघे माझ्याबरोबर चिल्काला, नेव्हीच्या पहिल्या ट्रेनिंगला होते, त्यांच्याकडून ऐकलं ते आणि स्वतः पाण्यात भोगलं ते, एवढंच माझं भांडवल. चार डिसेंबर २०२३ला नौदल दिन आपल्या किनाऱ्यावर झाला तेव्हा तू रजेवर होतास. समुद्रातून येऊन वाळूवर पसरलेली ती काळ्या वेशातली माणसं तू ज्या नजरेने बघत होतास, तेव्हाच मी ओळखलं होतं. घरी येताना मुद्दाम काही बोललो नाही.

आता पुढचं. तुझं नाव लागलंय म्हणजे तू दारात उभा आहेस, आत गेलेला नाहीस. पहिले तीन दिवस चाळणी. धावणं, पोहणं, जोर, पुल-अप्स आणि डोकं ठिकाणावर आहे का ते बघणाऱ्या चाचण्या. बहुतेक पोरं इथेच गळतात आणि आपापल्या जहाजावर परत जातात. यात काही नामुष्की नाही. सगळेच तिथे स्वतःहून आलेले असतात, कुणाला ढकलून आणलेलं नसतं. तुला या तीन दिवसांची काळजी नाही हे मला माहीत आहे. मलाही नाही. देवबागच्या खाडीत भरतीच्या उलट्या धारेला हात मारणाऱ्या पोराला तलाव काय करणार?

खरा प्रश्न पुढच्या पाच आठवड्यांचा. त्याला सगळे 'हेल' म्हणतात. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरतात, मागे ढोल-ताशासारखं काहीतरी वाजत असतं आणि पोरं चिखलात ओरडत असतात. ते बघून तयारी झाली असं समजू नकोस. व्हिडिओत झोप दिसत नाही. म्हणजे झोप नसणं दिसत नाही. दिवसभर रगडा, रात्री पुन्हा उठवणं, पाठीवर पिट्टूची पिशवी, ओले बूट, आणि झोप तासा-दोन तासांची, कधी तीही नाही. मी मिडल वॉचला असताना, रात्री बारा ते चार, सलग काही रात्री धड झोप नव्हती तेव्हा, मला जहाजाच्या रेलिंगवर आपला काळू कुत्रा बसलेला दिसला होता. काळू मी भरती व्हायच्या आधीच मेला होता. मी त्याला नावाने हाकसुद्धा मारली. बाजूचा सिग्नलवाला अजून कधी फोन झाला की भुंकून दाखवतो.

सांगायचं हे की न झोपलेलं डोकं असंच चालतं, त्यात तुझा दोष नसतो. तिथे बघतात ते वेगळंच. दमला तर प्रत्येक जण असतो. दमल्यावरही कोण मॅगझिन मोजून घेतो, कोण शेजाऱ्याच्या पट्ट्याची गाठ तपासतो आणि कोण फक्त स्वतःचं अंग सांभाळतो, ते बघतात. तिसऱ्या रात्री माणूस आपोआप उघडा पडतो.

पायांकडे लक्ष दे. असल्या बारीक सूचना देणाऱ्यातला मी नाही, पण पाय ओले राहिले की कातडी सुरकुतते, पांढरी पडते आणि मग सालासारखी निघते. दोन मिनिटं मिळाली तरी मोजे पिळून बोटांच्या फटी पुसून घ्यायच्या. मांड्या आणि काखा खाऱ्या पाण्याने आणि वाळूने सोलवटतात, त्यांना आधीच काहीतरी चोपडून ठेवायचं. आणि दुखण्यातला फरक ओळखायला शीक. मला एका जुन्या पीटी इन्स्ट्रक्टरने सांगितलेली खूण आहे: स्नायू दुखत असेल तर माणूस सगळा तळवा ठेवून दाखवतो, हाड दुखत असेल तर एका बोटाने. नडगीवर एका बोटाने दाखवायची वेळ आली तर ते सहन करायचं दुखणं नाही. हाडाला बारीक चीर जाते आणि त्यावर धावत राहिलं की पूर्ण मोडतं. तसंच लघवी चहाच्या रंगाची झाली तर ती फक्त पाणी कमी प्यायल्याने झाली असं परस्पर ठरवू नकोस. अतिश्रमाने स्नायू तुटून त्यातलं द्रव्य किडनीवर जातं तेव्हाही असंच होतं, आणि ते जिवावर बेततं. त्याच तासाला मेडिकलला जायचं.

हे पाच आठवडे निभावले की खरं शिक्षण सुरू. मुंबईला आयएनएस अभिमन्यू. हत्यारं, स्फोटकं, जेमिनी म्हणजे रबरी बोटी, चालत्या जहाजावर चढणं, नुसत्या हातांनी लढणं. गुडघ्याच्या वर जाणाऱ्या चिखलातून पाठीवर २५ किलो घेऊन सरपटत जायचं आणि त्या थरथरत्या हातांनी लगेच नेम धरायचा, याची वर्णनं छापूनही आलेली आहेत. यातलं मी काय सांगणार, शिकवणारे तिथे आहेत. मग आग्रा. पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या, त्यातली एक रात्रीची, आणि छातीवर विंगचा बिल्ला. आधीचे दिवस जमिनीवर लोळण घ्यायला शिकण्यात जातात. गुडघे जुळवून पडायचं, एवढं जरी अंगात मुरलं तरी पुष्कळ. आग्र्याबद्दल मला फारशी धास्ती नाही. विमानातून उडी मारताना माणूस घाबरतो आणि घाबरला की सांगितलेलं ऐकतो.

धास्ती आहे ती कोचीची. डायव्हिंग स्कूलची. पाण्यात पोहणारा पोरगा घाबरत नाही, म्हणून.

माझा डावा कान पहिल्यापासून असा बहिरा नव्हता. तुला लहानपणी सांगितलं होतं की बंदुकीच्या आवाजाने गेला. ते खोटं होतं. १९९२ साली मी कोचीला कोर्सवर होतो. सर्दी झाली होती. सर्दी झाली की डायव्हिंग बंद, सकाळी फॉलिनला, म्हणजे हजेरीला, विचारतातच. मी "ठीक आहे" म्हणालो. कारण दोन डाइव्ह चुकल्या तर मागच्या बॅचला टाकतील, आणि मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर डायव्हर होणंच संपलं. आणि मला पुढे तिथेच यायचं होतं, जिथे तू चालला आहेस. आमच्या वेळी हे दल नवीन होतं, १९८७ला उभं राहिलेलं. श्रीलंकेत जाफन्याला गुरुनगरच्या धक्क्यावर पोहत जाऊन या कमांडोंनी सुरुंग लावल्याची गोष्ट मेसमध्ये जेवताना निघायची तेव्हा आमचा घास हातातच राहायचा. १९९१ला त्यांचं नाव मरीन कमांडो फोर्स झालं, आणि मी मनातल्या मनात आपलं नाव त्यात घालून बसलो होतो.

उतरलो. दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब वरच्या हवेच्या दुप्पट होतो. कान मोकळे असतील तर नाक दाबून हलकेच फुंकलं की टक होतं आणि बरं वाटतं. सर्दीत नाकातून कानाकडे जाणारी नळी सुजलेली. टक होईना. वर यायला हवं होतं. मी जोर लावून फुंकलं, मग आणखी जोर लावला. डाव्या कानात कुणीतरी तापलेली सळई घातल्यासारखं झालं आणि मग एकदम गार. फाटलेल्या पडद्यातून थंड पाणी आत गेलं की डोक्यातला तोल बिघडतो, हे डॉक्टरनी नंतर सांगितलं. तेव्हा मला इतकंच कळलं की सगळं गरगर फिरतंय आणि वर कुठे, खाली कुठे ते कळत नाही. कोचीचं पाणी गढूळ, स्वतःचा हात दिसायचा नाही. मी खालच्या बाजूलाच वर समजून हात मारत होतो. मग गालाला गुदगुल्या झाल्या. माझ्याच श्वासाचे बुडबुडे गालावरून हनुवटीकडे चालले होते. म्हणजे मी उलटा होतो. बुडबुडे जातात तिकडे वर, हे पहिल्या दिवशी शिकवलेलं वाक्य आठवलं आणि मी त्यांच्या मागे गेलो. श्वास न धरता, सावकाश. बडीने, म्हणजे जोडीच्या डायव्हरने, वर ओढून बोटीत घेतलं तेव्हा बोटीतच ओकलो.

कान गेला, कोर्स गेला, कॅटेगरी खाली गेली. ज्या दोन डाइव्हसाठी खोटं बोललो त्याच्या बदल्यात सगळंच. आणि हे सोड, माझा बडी, एक चांगला माणूस, गढूळ पाण्यात मला शोधत राहिला. त्याचं काही झालं असतं तर? हे मी आजवर तुझ्या आईशिवाय कुणाला सांगितलं नाही.

तुला का सांगतोय, तर कमांडो जो संच वापरतो त्यातून बुडबुडे निघत नाहीत. शत्रूला दिसू नयेत म्हणून. तुझा सोडलेला श्वास सोडा लाइमच्या डब्यातून फिरतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड तिथे शोषला जातो, आणि उरलेल्यात शुद्ध ऑक्सिजन मिसळून परत तुझ्याकडे येतो. शुद्ध ऑक्सिजन साधारण सहा मीटरच्या खाली विषासारखा होतो, झटके येतात. तो चुना ओला झाला किंवा संपत आला तर डोकं दुखायला लागतं, धाप लागते, आणि माणसाला वाटतं की आपण दमलोय. तेव्हा गालावरून जाणारं काहीच नसणार. खोलीचा काटा, दोरीच्या टोकाचा बडी, आणि खाली उतरायच्या आधी तू खरं काय सांगितलंस ते. एवढंच तुझ्याजवळ असणार.

तलावात श्वास धरायच्या शर्यती लावू नका, हेही ऐक. भराभर खोल श्वास घेऊन मग बुडी मारली की श्वास घ्यायची हाव उशिरा येते आणि तोवर माणूस शुद्ध हरपतो, न तडफडता. वरून बघणाऱ्याला वाटतं आरामात पडलाय. तू आणि शंकऱ्या खाडीत हे करायचात, मला ठाऊक आहे.

सर्दी झाली तर सर्दी झाली म्हण. बॅच मागे गेली तर जाऊ दे. इन्स्ट्रक्टर शिव्या घालेल, घालू दे. आरटीयू होऊन, म्हणजे कोर्समधून परत पाठवला जाऊन, आलास तर या घरात कुणी तोंड वाकडं करणार नाही, आणि शेजारच्यांनी केलं तर तुझी आई बघून घेईल.

कोर्स पुरा झाला तरी काही वर्षं शिकण्यातच जातात म्हणतात. मिझोरामला वैरेंगटेचं जंगल, काश्मीरला वुलर सरोवर. तिथे मार्कोसना 'दाढीवाली फौज' म्हणायचे. मार्च २०२४मध्ये विमानातून अरबी समुद्रात उड्या टाकून चाच्यांनी पळवलेल्या रुएन जहाजावरचे १७ खलाशी सोडवले आणि ३५ चाचे शरण आले, तेव्हा बातमी मी तीनदा वाचली. तुझी आई एकदाच वाचून म्हणाली, "पाण्यात पडले तेव्हा रात होती की दिवस?" मला उत्तर देता आलं नाही. पुढे तू कुठे आहेस ते आम्हाला सांगता येणार नाही, आम्ही विचारणार नाही. मी नाही विचारणार. तिचं मी सांगू शकत नाही.

आत्ता ती मागे उभी राहून वाचतेय आणि म्हणतेय, "कान दुकलो तर लपवू नको म्हणून लिवलात मा?" लिहिलं म्हटलं, दीड पान लिहिलं.

सोबत खोबरेल तेलाची बाटली आणि सुती मोज्यांचे सहा जोड पाठवतोय. बाटलीचं झाकण टेपने बंद केलंय, टेप काढताना चाकू लावू नकोस, प्लास्टिक पातळ आहे. फोन मिळाला की आधी आईशी बोल. मग मला दे म्हणावं, आणि डाव्या कानाला धरला असेन तर ती ओरडेलच.

तुझा,
बाबा