चि. मुक्ता हिस पत्र

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू ‘काचबिंदू’ म्हणालीस आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळलीस. मला काही सुचेना, म्हणून मी फोन आईकडे दिला. औषधपाण्याविषयी या पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही, असे ठरवून बसलो आहे.

आज पहाटे नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो होतो. चापडगावच्या मनोऱ्यावर पोहोचलो तेव्हा नुकते उजाडत होते. गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेले पाणी बंधाऱ्याशी अडते, आणि वर्षानुवर्षे साचलेल्या गाळामुळे तेथे जे उथळ पाणी तयार झाले आहे, त्यावर यंदाही वारकरी पक्ष्यांची दाटी आहे. कडेला शेकाटे होते आणि पलीकडे चक्रवाकांच्या जोड्या. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत महाराष्ट्रातून सर्वांत आधी याच जागेचे नाव गेल्याची बातमी २०२० च्या जानेवारीत आली, तेव्हा तू वसतिगृहातून केलेला फोन मला आठवला. तुझ्या निकालाच्या दिवशीही तू इतकी ओरडली नव्हतीस.

सूर्य वर आल्यावर पाणगवतावरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला. पंख किंचित वर धरून तो अगदी खालून तरंगत होता. विखुरलेले वारकरी झटकन एकमेकांना चिकटले, काही पाण्यावर पाय आपटीत आत धावले, आणि ती धांदल पाहिल्यावर मला भोवत्या दिसला. तुला तो नेहमी आधी दिसत असे. समोर बघत राहिले की बाजूचे आपोआप दिसते, असे तू तिसरीत असताना मला समजावून सांगितले होतेस, आणि मनोऱ्यावरची मोठी माणसे तुझ्याकडे वळून पाहत होती.

काचबिंदूत आधी जाते ती हीच कडेची नजर, आणि गेलेली परत येत नाही. नानांना दुखत नसे, म्हणून ते थेंब विसरत. पुढे ताटाशेजारची वाटी त्यांना चाचपून शोधावी लागे. तुझे फार लवकर लक्षात आले आहे आणि थेंबांनी डोळ्यांतला दाब आटोक्यात राहतो, तेव्हा कामावरून कितीही उशिरा आलीस तरी थेंब टाकल्याशिवाय झोपू नकोस, बाटली संपण्याआधी दुसरी आणून ठेव, बरे वाटते म्हणून मनाने बंद करू नकोस, आणि थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरत जा. ठरवले होते काय आणि लिहिले काय! क्षमा कर, एवढी मोठी जबाबदारी सांभाळणाऱ्या मुलीला हे सांगावे लागत नाही, हे मला कळते.

रक्ताच्या नात्यातल्यांनीही तपासून घ्यावे, असे तुझ्या डॉक्टरांनी सांगितले होते, म्हणून मी सोमवारी जाऊन आलो. माझे डोळे निर्दोष निघाले. ते ऐकून मला मुळीच बरे वाटले नाही. नानांचे दुखणे मला वगळून तुझ्याकडे का जावे, हा विचार मनोऱ्यावरही पाठ सोडत नव्हता.

कोपरगावच्या आत्याला अजून काही कळवलेले नाही. ती लगेच नवस बोलेल. आईने डिंकाचे लाडू केले आहेत. कडेची नजर तपासणाऱ्या पुढच्या फील्ड टेस्टच्या वेळी ते घेऊन मी बंगळूरला येतो. तुला सोबतीची गरज नाही हे ठाऊक आहे, पण मला बाहेरच्या बाकावर बसायचे आहे. तारीख कळव, म्हणजे तिकीट काढतो.

तुझे,
बाबा