साखरेच्या पट्टीसारखी ‘तशीच’ चाचणी?

संपादक महोदय,

थेंबभर रक्तातून अल्झायमर ओळखणाऱ्या सेन्सरच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात. ‘साखर तपासतो तशीच पट्टी’ हे त्यातले ठरलेले वाक्य. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केलेल्या माणसाला त्यातले ‘तशीच’ काही पचत नाही.

रक्तात साखर मुबलक असते, मिलिलिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम. पट्टीवरचे एन्झाइम तिच्यावर काम करते, त्यातून निघणारा करंट मोजला की झाले. क्लार्क आणि लायन्स या संशोधकांनी १९६२ मध्ये मांडलेली ही कल्पना आज घरोघरी आहे. अल्झायमरसाठी सध्या भरवशाचे मानले जाणारे पी-टाऊ २१७ हे प्रथिन मात्र रक्तात पिकोग्रॅमच्या हिशेबात सापडते, म्हणजे साखरेच्या अब्जाव्या भागाच्या आसपास! ते पकडायला इलेक्ट्रोडवर अँटिबॉडी, म्हणजे नेमक्या त्याच प्रथिनाला धरणारा रेणू, बसवतात. प्रथिन तिला चिकटले की विजेला होणारा अडथळा बदलतो, तो मोजायचा. स्वच्छ द्रावणात हे झकास जमते. रक्तात मिलिलिटरमागे चाळीसेक मिलिग्रॅम अल्ब्युमिन हे नेहमीचे प्रथिन असते आणि तेही इलेक्ट्रोडवर जाऊन बसते. बरेचसे सेन्सर इथेच गडबडतात. म्हणून बातमी देताना नमुना कृत्रिम होता की रुग्णाचा, आणि रुग्ण किती होते, एवढे तरी छापावे.

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये या प्रथिनावर आधारित रक्तचाचणीला परवानगी दिली. पण ती मोठ्या यंत्रावर होते आणि विसरभोळेपणाची लक्षणे आधीच दिसणाऱ्यांसाठीच आहे. धडधाकट माणसाने सहज करून पाहावी अशी ती नाही. मेंदूतले बदल लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू होतात, आणि ते बदल असूनही कित्येकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. अशा माणसाच्या हाती घरच्या घरी ‘पॉझिटिव्ह’ आले तर त्याने करायचे काय? लेकानेमॅबसारखी अल्झायमरवरची औषधेही सौम्य लक्षणे असलेल्यांनाच देतात.

माझा विरोध संशोधनाला नाही. अल्झायमरची खात्री करायला लागणारे मेंदूचे पेट स्कॅन किंवा पाठीतले पाणी काढणे तालुक्याच्या गावी कुठून होणार? देशातल्या साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, आणि घरात ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून सोडून देतात. उपजिल्हा रुग्णालयात स्वस्त पट्टी आली तर कोणाला पुढे न्यूरोलॉजिस्टकडे पाठवायचे हे तरी ठरेल. मात्र त्याआधी बी-१२ आणि थायरॉईड तपासायला हवे. त्यांच्यातल्या बिघाडानेही विसरायला होते आणि त्यावर उपचार आहेत. शिवाय किडनी बिघडलेल्यांच्या रक्तात पी-टाऊ वाढलेले दिसते. आपल्याकडे जुन्या मधुमेहाने किडनी गेलेले म्हातारे थोडे नाहीत. तेव्हा ‘पॉझिटिव्ह’ कधी म्हणायचे याची परदेशी रुग्णांवर ठरवलेली मर्यादा इथे जशीच्या तशी लावू नये. आपल्या लोकांचे नमुने घेऊन ती आधी पडताळावी.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मिरज