नागीण सुकली तरी दुखणे मागे राहते

कोल्हापूर,
दि. १८ जानेवारी २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री फोनवर तू काकूंच्या पाठीवर उठलेल्या फोडांविषयी सांगू लागलास, तेव्हा मी तुला पुढे बोलूच दिले नाही. 'उजाडायची वाट पाहू नकोस, आत्ताच डॉक्टरांना गाठ' एवढे सांगून फोन ठेवला. तू त्याच रात्री त्यांना नेलेस आणि औषध सुरू झाले हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. आता तू सगळे सविस्तर लिहून मागितले आहेस, तेव्हा आत्याच्या आजारपणात गेल्या चार महिन्यांत जे पाहिले, जे चुकले आणि ज्याने तिला खरोखर आराम पडला, ते मोकळेपणाने लिहितो.

अनंत चतुर्दशी झाली आणि दोन दिवसांनी आत्याच्या डाव्या बरगडीखाली दुखू लागले. शहात्तर वर्षांची बाई आणि छातीची डावी बाजू, म्हणून आम्ही सर्वांत आधी ईसीजी काढून घेतला. तो व्यवस्थित निघाल्यावर सगळे निर्धास्त झाले. कोणी गॅस म्हणाले, कोणी उसण भरली म्हणाले, आणि मी तिला तेल चोळून गरम पाण्याच्या पिशवीने शेकत बसलो. चौथ्या दिवशी त्याच जागी लाल चट्टा उठला आणि संध्याकाळपर्यंत त्यावर मोहरीएवढे पाण्याचे फोड आले. जवळच्या एका डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी समजून मलम दिले. शेजारच्या आजींनी मात्र पाहताक्षणी 'ही नागीण आहे' असे सांगितले, आणि त्यांचे निदान बरोबर होते. उपाय म्हणून त्यांनी काव उगाळून लावली. मलम आणि काव यांत आमचे तीन दिवस गेले. विषाणूविरोधी गोळ्या फोड उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत सुरू व्हाव्यात असे त्वचारोगतज्ज्ञांनी आम्हाला सांगितले, तेव्हा ती मुदत नुकतीच उलटून गेली होती. नवे फोड अजून येत असल्यामुळे त्यांनी गोळ्या दिल्याच, पण त्या तीन दिवसांची रुखरुख मला अजून आहे. परवा तुला फोनवर बोलू दिले नाही ते त्यामुळेच.

आत्याने त्या डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो हा : 'मला ही कुणी दिली?' तिला वाटत होते की गणपतीच्या गर्दीत कोणाचा तरी संसर्ग झाला असावा. डॉक्टरांनी उलट तिलाच विचारले, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का? आल्या होत्या, कागलकडच्या आजोळी, आठ-नऊ वर्षांची असताना, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवल्याचे तिला स्पष्ट आठवत होते. नागीण कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होते, आणि तो विषाणू कांजिण्या बऱ्या झाल्यावर शरीरातून जात नाही. मज्जारज्जूच्या कडेला मज्जातंतूंच्या ज्या लहान गाठी असतात, त्यांत तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो, आणि वयाने, मधुमेहाने किंवा एखाद्या मोठ्या आजाराने प्रतिकारशक्ती उणावली की एका मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा कातडीपर्यंत येतो. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या लहान गावातले डॉक्टर होप-सिम्पसन यांनी आपल्याच रुग्णांची सोळा वर्षे नोंद ठेवून हा विचार १९६५ मध्ये मांडला होता. म्हणजे आत्याला ही कोणी दिली नव्हती. ती जवळजवळ सात दशके तिच्या अंगातच होती. हे ऐकून तिच्या मनावरचे मोठे ओझे उतरले, कारण 'माझ्या हातून काय चुकले' हा विचार तिला फोडांइतकाच छळत होता.

दुसरी भीती वेढ्याची. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस हाती लागत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि आत्या रोज सकाळी आरशासमोर पाठ वळवून ती किती पुढे सरकली ते पाहत असे. काकूंनाही कोणीतरी हे सांगेलच, तेव्हा तू आधीच त्यांना नीट समजावून सांग. प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा पट्टा सांभाळतो; पाठीच्या कण्यापासून निघून तो पोटाच्या किंवा छातीच्या मध्यरेषेशी थांबतो. नागीण त्या एका मज्जातंतूच्या मागोमाग जाते, म्हणून ती अर्ध्या अंगावरच पट्ट्यासारखी उठते. फोड अंगभर पसरू लागले, तर ते प्रतिकारशक्ती फार खालावल्याचे लक्षण असते आणि तेव्हा तातडीने इस्पितळ गाठावे लागते, पण त्याचा वेढ्याशी काही संबंध नाही. फोड कपाळावर, डोळ्याच्या आसपास किंवा नाकाच्या शेंड्यावर आले, तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, कारण दृष्टीला धोका असतो.

काकूंना मधुमेह आहे, म्हणून एक विचारतो : गोळ्या सुरू करण्यापूर्वी मूत्रपिंडाची तपासणी झाली का? आत्याला व्हॅलासायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध दिवसातून तीन वेळा, सात दिवस दिले होते, पण त्याआधी मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन पाहिले. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. त्यांना पाणी भरपूर देत जा. फोड फोडू नका, त्यावर हळद, काव, चुना काही लावू नका. स्वच्छ सुती फडके गार पाण्यात भिजवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटे अलगद ठेवले की आग निवते. वरून कॅलामाइन लावले तरी चालते. बर्फ थेट लावू नका. खपल्या धरेपर्यंत फोडांतल्या पाण्यातून दुसऱ्याला नागीण नव्हे, पण कांजिण्या होऊ शकतात, म्हणून जागा झाकलेली ठेवा आणि घरात कोणी गरोदर असेल किंवा तान्हे मूल असेल तर त्यांना जपा. आमच्याकडे सुनेला सातवा महिना होता. तिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्याचे तिच्या आईने फोनवर खात्रीने सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी काळजीचे कारण नाही म्हटले. तरीही आत्याने स्वतःहून तिला पंधरा दिवस आपल्या खोलीत येऊ दिले नाही.

इथवरचे दुखणे सर्वांना दिसते, म्हणून सगळे धावून येतात. मला तुला खरे सांगायचे आहे ते यानंतरचे.

तीन आठवड्यांत खपल्या गळल्या, कातडीवर फिकट डाग तेवढे राहिले, आणि घरादाराने 'बरे झाले' म्हणून सुटकेचा श्वास टाकला. आत्याचे खरे हाल त्या दिवसापासून सुरू झाले. पदराचा नुसता स्पर्श झाला तरी तिला चटका बसल्यासारखे होई. मी तिला पाहिले आहे : एका हाताने भिंत धरलेली, आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत लुगड्याचा पदर चिमटून तो बरगडीपासून वीतभर लांब धरलेला, अशी ती सोप्यातून स्वयंपाकघरापर्यंत चालत जाई. पंख्याचा वारा तिला सहन होत नसे. रात्री अडीच-तीनला वीज चमकावी तशी कळ येई आणि मग पहाटे देवळातली घंटा ऐकू येईपर्यंत ती अंथरुणावर बसून राही. त्या वर्षी नवरात्रात ती अंबाबाईला गेली नाही. मंगळवार पेठेत राहायला आल्यापासून असे कधी झाले नव्हते.

आणि याच काळात आम्ही तिला एकटे पाडले. भेटायला येणारे म्हणत, 'वयपरत्वे असे चालायचेच, थोडे सोसायला हवे.' तिचा स्वतःचा मुलगा म्हणाला, 'आता तर अंगावर काही दिसत नाही, मग दुखते कशाने?' मीही मनातून तसेच म्हणत होतो, हे तुझ्यापासून लपवत नाही. आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, 'दिसंना म्हणून दुखंना व्हय रं?' त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा डॉक्टरांकडे नेले.

हे दुखणे कातडीचे नसते. विषाणूने मज्जातंतूलाच इजा केलेली असते, आणि तो दुखावलेला मज्जातंतू काही कारण नसताना मेंदूकडे वेदनेचा निरोप पाठवत राहतो. पुरळ उठून तीन महिने उलटले तरी दुखणे टिकले, तर डॉक्टर त्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. वय जितके जास्त, तितकी त्याची शक्यता जास्त. अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्या त्यावर फारशा चालत नाहीत, उलट म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रपिंडाला आणि पोटाला त्या बाधतात. काकूंना त्या घरच्या घरी देऊ नकोस. आत्याला गॅबापेंटिन हे मज्जातंतूंची वेदना शमवणारे औषध दिले. सुरुवात रात्रीच्या अगदी लहान मात्रेने आणि दर काही दिवसांनी थोडी वाढ, अशी. पहिल्या आठवड्यात तिला गरगरू लागले आणि एका रात्री न्हाणीघराकडे जाताना तिचा तोल गेला. दाराची चौकट हाताला लागली म्हणून ती वाचली. त्यानंतर आम्ही रात्रभर दिवा ठेवू लागलो, वाटेतले पायपुसणे काढून टाकले, आणि उठण्याआधी दोन मिनिटे पलंगाच्या काठावर बसायचे असा तिला नेम घालून दिला. डॉक्टरांनी मात्रा थोडी उतरवली, मग सावकाश वाढवली. हे औषध मनाने एकदम बंद करायचे नसते, हेही ध्यानात ठेव.

कातडी पूर्ण भरून आल्यावर लिडोकेनची, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाची, पट्टी मिळाली. बारा तास लावायची आणि बारा तास काढून ठेवायची, आणि जखम उघडी असेल तर लावायचीच नाही. आत्या ती रात्री लावी, कारण रात्र कठीण जाई. मिरचीतल्या तिखट द्रव्याचे, कॅप्सेसिनचे, मलमही असते. ते प्रथम चांगलेच भाजते आणि दिवसातून तीन-चार वेळा लावल्यावर हळूहळू वेदना बोथट करते. जन्मभर डंकावरून चटणी कांडून आणलेल्या आत्याला मिरचीचे औषध होते हे ऐकून फार नवल वाटले, पण ती जळजळ तिला सोसली नाही म्हणून आम्ही ते सोडून दिले.

औषधांखेरीज दोन गोष्टींनी तिला जो आराम दिला, त्या आवर्जून लिहितो. पहिली म्हणजे धोतर. सैल कपडा त्या जागेवर घासला की कळ येते, पण मऊ कपडा अंगाला सारखा लपेटलेला असला तर येत नाही, हे तिचे तिनेच शोधून काढले. मामांचे जुने धोतर ट्रंकेत होते, धुऊन धुऊन सायीसारखे झालेले. त्याची दुपदरी पट्टी करून ती चोळीच्या आत बरगड्यांभोवती बेताची घट्ट गुंडाळू लागली, आणि त्या दिवसापासून पदर दोन बोटांत धरून चालणे संपले. डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनीही 'हे चालू ठेवा' म्हटले.

दुसरी गोष्ट आण्यांची. वेदना शून्य ते दहामध्ये किती, असे डॉक्टरांनी विचारले की आत्या गोंधळून गप्प बसायची आणि आम्हाला वाटायचे की फारसे दुखत नसावे. एकदा मी विचारले, 'सोळा आण्यांत किती?' ती क्षणात उत्तरली, 'आज बारा आणे हाय.' तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोज रात्री तिला विचारून आणे लिहू लागलो. औषध वाढवले की आकडा कसा उतरतो, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी कसा चढतो, हे डॉक्टरांना त्या पानांवरून नेमके कळू लागले. पण त्याहूनही, कोणीतरी रोज आपले दुखणे विचारते आणि आपण सांगू तेच खरे मानून लिहून ठेवते, याने ती शांत झाली. नोव्हेंबरात चौदा होते. परवा संक्रांतीला तीन लिहिले.

आपण दोघांनीही पन्नाशी ओलांडली आहे. नागिणीवरची शिंग्रिक्स ही लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते; दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिच्या दोन मात्रा घ्याव्या लागतात. ती महाग आहे, आणि झालेल्या दुखण्यावर तिचा उपयोग नाही, पण आत्याच्या रात्री पाहिल्यावर मी पहिली मात्रा घेतली. तूही डॉक्टरांशी बोल. काकूंनाही पूर्ण बरे झाल्यावर ती घ्यावी का, ते विचार.

काकूंचे औषध वेळेत सुरू झाले आहे, त्यामुळे त्यांना पुढचे हे सारे भोगावे लागणार नाही अशी मला मनापासून आशा आहे. तरी खपल्या गळल्यावर त्यांना रोज विचारत राहा, आणि त्या 'काही नाही रे' म्हणाल्या तर पदर कसा धरला आहे तेवढे पाहा.

शुक्रवारी माझी भाची नाशिकला येते आहे. हे पत्र वाचून दाखवल्यावर आत्या उठली आणि ट्रंकेतले उरलेले धोतर काढून तिने त्याचे मधोमध दोन भाग केले. एक धुऊन दोरीवर घातला आहे. तो भाचीबरोबर पाठवतो. काकूंना सांग, त्याला खळ लावू नका.

तुझा मित्र