पाटाकाठच्या समाध्या आणि सासवडकरांची दप्तरं : मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

नीरा डाव्या कालव्याच्या काठाने वीरपासून बारामतीच्या खालपर्यंत गेलात, तर शेतांच्या बांधांवर जुन्या समाध्या दिसतात. काही काळ्या दगडाच्या, काही चुन्यात बांधलेल्या विटांच्या, बऱ्याचशा नंतरच्या काळातल्या सिमेंटच्या. सासवडहून ऊस लावायला आलेल्या माळी कुटुंबांच्या समाध्या त्यांत पुष्कळ आहेत. त्या घराण्यातलं आज आसपास कोणी राहत नाही. रान दुसऱ्याच्या नावावर गेलं. त्या रानाची मालकीण दिवाळीत समाधीवर पणती ठेवते, पण समाधी कोणाची, हे तिलाही सांगता येत नाही. आमच्या वाचनालयाच्या समितीने या समाध्यांची नोंद करून, जुन्या दप्तरांशी ताडून, ही घराणी कुठून आली आणि कुठे गेली याचा इतिहास तयार करायला घेतलाय. त्यासाठी माणसं, कागद आणि पैसे अशी तिन्ही प्रकारची मदत हवी आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. 1876-77 च्या दुष्काळात या कालव्याचं काम दुष्काळी काम म्हणून निघालं आणि 1885 च्या सुमारास पाणी सुटलं. पाणी आलं, तरी ऊस लावायला इथलं कोणी फारसं धजावेना. उसाला पेंड लागते, बैल लागतात, वर्षभर पैसा अडकून पडतो. ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या शेतकऱ्याजवळ तेवढं भांडवल नव्हतं, आणि पाणीपट्टीची धास्ती होतीच. पाटाच्या पाण्याने रान बिघडतं असंही लोक म्हणायचे. पुढे चोपण (खारवट, नापीक) झालेली रानं पाहिली की ती भीती अगदीच खुळी नव्हती असं म्हणावं लागतं. सासवडच्या माळ्यांना मात्र कऱ्हेच्या खोऱ्यातल्या विहिरींवर बागायत करायची पिढ्यांची सवय होती. ते बैल, चरक, काहिली आणि गडीमाणसं घेऊन इकडे उतरले, स्थानिक शेतकऱ्यांची रानं खंडाने घेतली आणि पुंड्या ऊस लावला. गुऱ्हाळं पेटली, गुळाच्या ढेपा पुण्याच्या बाजाराला जाऊ लागल्या.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक क्षेत्राला काही वर्षं पाण्याची हमी द्यायची, पण ऊस त्यातल्या एका भागातच घ्यायचा, अशी ती व्यवस्था. हमीचं पाणी म्हटल्यावर उसात पैसा घालायला हिंमत आली. पुढे गोदावरी आणि प्रवरेचे कालवे निघाले तेव्हा हीच मंडळी कोपरगाव-बेलापूरकडे सरकली. नंतर मंदीत गुळाचे भाव कोसळले. 1932 मध्ये साखर धंद्याला जकातीचं संरक्षण मिळालं आणि त्याच वर्षी सासवडच्या माळी बागायतदारांनी आपसांत भांडवल उभं करून अकलूजजवळ स्वतःच्या साखर कारखान्याची कंपनी काढली. तेच आजचं माळीनगर. तुकोबांच्या पालखीचं उभं रिंगण जिथे होतं, ते. सहकारी कारखानदारीचा इतिहास प्रवरानगरपासून सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना त्याच्या बऱ्याच आधी उभा राहिला होता, आणि तो उभारणाऱ्यांनी उसाची शेती कालव्यांवर खंडाच्या रानांत पिकवून दाखवली होती, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

तर मंडळी पुढे गेली आणि समाध्या इथे राहिल्या.

आता अडचण कुठे येते ते पाहा. आपल्याकडे घराण्याचा शोध घ्यायचा म्हणजे आधी तलाठ्याकडे सातबारा आणि फेरफार काढतात. 1903 च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, तेव्हापासूनचे फेरफार पुष्कळ गावांत सापडतात. पण ही कुटुंबं खंडकरी होती. मालकाच्या रकान्यात त्यांचं नाव येणार कसं? आलं तर इतर हक्कांत, तेही रीतसर नोंद केली असेल तर. तोंडी ठरलेल्या खंडाचा तर कागदच नाही. त्यात मधे जमिनींचं एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्यामुळे जुन्या कागदावरचा नंबर आजच्या नकाशावर शोधायला आणखी एक तक्ता पुढ्यात घ्यावा लागतो. म्हणून आम्ही उलट्या बाजूने निघालोय : आधी समाधी, मग कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदीची जुनी वही), आणि शेवटी जमिनीचा कागद.

याचं एक उदाहरण देतो. एका चारीच्या कडेला घाणेरीच्या जाळीत काळ्या दगडाची समाधी आहे. वर पादुका, समोरच्या बाजूला चार ओळी. पहिल्या ओळीत नाव, दुसरीत 'मु. सासवड', तिसरीत शके आणि चौथीत तिथी. शकाचे शेवटचे दोन आकडे खपली उडून गेलेत. राहिलं ते 'शके 18' आणि 'कार्तिक वद्य अष्टमी'. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो (पौषानंतरची तिथी असेल तर 79), म्हणजे इथे 1878 ते 1977 यांतलं कुठलंही वर्ष धरा! पण कालव्यामुळे खालची हद्द 1885 ठरते, आणि ही मंडळी इथून हलली त्यावरून वरची. मग पंचांगातून त्या प्रत्येक वर्षाच्या कार्तिक वद्य अष्टमीची इंग्रजी तारीख काढायची आणि गावच्या कोतवाल बुकात त्या तारखेच्या पुढेमागे मयताची नोंद शोधायची. नाव, जात, वय आणि मृत्यूचं कारण जुळलं की माणूस हाती लागतो. कारण म्हणून बहुतेक ठिकाणी नुसतं 'ताप' लिहिलेलं असतं. ताप प्लेगचा की 1918 च्या साथीचा, ते साल पाहून आपण ओळखायचं.

कोतवाल बुकं मोडीत आहेत. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी ठिकठिकाणची अशी दप्तरं कपाटांतून बाहेर आली, स्कॅन झाली, याचा आमच्यासारख्यांना मोठाच फायदा झाला. पण स्कॅन झालेलं पान वाचायला माणूस लागतोच. एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो, कारण रोज कोणी ना कोणी विचारायला येतं : जातीच्या दाखल्यासाठी नोंद शोधून देणं हे या समितीचं काम नाही. आमच्या टिपणांना कोणत्याही कार्यालयात पुरावा म्हणून किंमत नाही. कृपया त्यासाठी गळ घालू नये.

बायकांची नावं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे. कोतवाल बुकात ती 'अमक्याची बायको', फेरफारात 'मयताची विधवा'. समाधीवर मात्र कधीकधी पूर्ण नाव असतं, माहेरच्या गावासकट. म्हणून बाईची समाधी सापडली की आम्ही तिची नोंद आधी करतो. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचाही इथे उपयोग होतो. क्रियाकर्माला गेलेल्या माणसाने तिथे गाव, आडनाव आणि घरातल्यांची नावं लिहून ठेवलेली असतात, आणि पत्ता बदलला असेल तर 'मूळ सासवड, हल्ली' असं लिहून नवं गावही.

आणखी एक. उसाच्या फडात राबलेल्या सालगड्यांच्या समाध्या कोणी बांधल्या नाहीत. पाटाच्या भरावाजवळ दगडांच्या राशी आहेत, तिथे माणसं पुरलीत एवढंच म्हातारी माणसं सांगतात. तान्ही मुलंही तिथेच कुठेतरी पुरायचे, मग घर बागायतदाराचं असो की गड्याचं. समितीत यावर बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की नाव मिळो न मिळो, त्या जागाही नकाशावर घ्यायच्या. बागायत बागायतदाराने एकट्याने उभी केली नव्हती.

आता मदतीविषयी.

मोडी वाचणारे हवेत. महिन्यातून दोन रविवार दिलेत तरी चालेल, नवशिके असाल तरी चालेल, सोबत जाणकार बसतात. ज्यांच्या शेतात अशी समाधी आहे त्यांनी फोटो आणि मोजमाप घेऊ द्यावं. समाधीची नोंद झाली म्हणून जमिनीवर कोणाचा हक्क निर्माण होत नाही, ही शंका मनातून काढून टाका. आणि विनंती अशी की अक्षरं दिसावीत म्हणून दगडावर ऑइल पेंट फासू नका, तारेच्या ब्रशने घासू तर मुळीच नका. ओल्या फडक्याने पुसून संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढला की पुसट अक्षरंसुद्धा वाचता येतात.

माळीनगर, कोपरगाव, श्रीरामपूर, सासवड, पुणे आणि परदेशातही असलेल्या मंडळींनी घरातली जुनी कागदपत्रं रद्दीत घालण्याआधी एकदा आम्हाला दाखवावीत. अडत्याच्या पट्ट्या, गुऱ्हाळाच्या हिशेबाच्या चोपड्या, पाणीपट्टीच्या पावत्या, खंडाचे करारनामे, लग्नपत्रिका, काहीही. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही, समोर स्कॅन करून लगेच परत देतो. घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांच्याशी बोलायला आम्ही येऊ. आजीला गुऱ्हाळाचं विचारलं की वंशावळ आपोआप निघते, असा अनुभव आहे.

पैशाचं म्हणाल तर या वर्षासाठी साधारण 1 लाख 80 हजार रुपये लागतील. त्यातला मोठा भाग मोडी लिप्यंतराच्या मानधनाला आणि स्कॅनिंगला जाईल, उरलेला दप्तराच्या नकलांच्या फीला, प्रवासाला आणि पडायला आलेल्या काही समाध्यांच्या डागडुजीला. डागडुजी चुन्यातच करायची आहे. नवी फरशी, स्टीलचं रेलिंग आणि देणगीदाराच्या नावाची पाटी यांसाठी कृपया आग्रह धरू नये. 100 रुपयांपासून कितीही रक्कम द्या, पावती मिळेल, आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी वाचनालयाच्या फलकावर लागेल.

घाई एवढ्यासाठी की रस्ते रुंद होतायत, चाऱ्या बुजवून पाइप टाकले जातायत, आणि जेसीबीवाल्याला बांध आणि समाधी यांतला फरक कोणी सांगितलेला नसतो. पाऊस सुरू झाला की उसात शिरता येत नाही, त्यामुळे वीर ते बारामती पट्ट्यातली पाहणी मे अखेरपर्यंत उरकायची आहे. आषाढ वद्य चतुर्दशीला, सावता महाराजांच्या पुण्यतिथीला, पहिली यादी आणि नकाशा वाचनालयात मांडू. नावात, गावात, नात्यात चूक दिसली तर तिथेच वहीत लिहून दुरुस्त करा. देणगी आणि कागदपत्रं वाचनालयात रोज संध्याकाळी 5 ते 8 या वेळेत स्वीकारली जातील. सोमवारी वाचनालय बंद असतं.

आपली,
वाचनालयाची इतिहास समिती