ऑर्गनवादक आणि शेतकरी

महोदय,

वोयत्येख यास्नी यांचा 'ऑल माय गुड कंट्रीमेन' हा चेक चित्रपट आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांनी आवर्जून दाखवावा, यासाठी हे पत्र. दुसरे महायुद्ध संपते तिथून तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील मोराव्हिया या प्रांतातल्या एका खेड्याची ही गोष्ट सुरू होते. १९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर येतात आणि एका टेबलाशी बसून बिअर पिणारे, एकत्र गाणारे मित्र दोन बाजूंना जातात.

यातला ओचेनाश मला फार जवळचा वाटतो. तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो आणि पक्षाचे कामही मनापासून करतो. त्याच्यासाठी झाडलेली गोळी गावच्या पोस्टमनला लागते. पोस्टमन मरतो आणि ओचेनाश गाव सोडतो. त्याला खलनायक न करणे, ही दिग्दर्शकाची मोठी माणुसकी आहे. दुसरीकडे फ्रान्तिशेक. देव मानणारा, जमिनीत राबणारा शेतकरी. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करणाऱ्या सरकारी सामूहिक शेतीत जायला तो नकार देतो, त्यापायी तुरुंगात जातो, पण वाकत नाही. सक्तीने शेती बदलता येते, शेतकऱ्याचे मन नाही, हे इतक्या थेटपणे मी क्वचितच पाहिले आहे. छायालेखक यारोस्लाव्ह कुचेरा यांनी टिपलेले बदलते ऋतू तर मोठ्या पडद्यावरच पाहावेत!

ऑगस्ट १९६८ मध्ये तिथल्या सुधारणा दडपण्यासाठी सोव्हिएत रणगाडे राजधानी प्रागमध्ये शिरले. १९६९ मध्ये यास्नींना फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले, पण मायदेशात चित्रपटावर बंदी आली आणि त्यांना देश सोडावा लागला. मराठी उपशीर्षकांसह हा चित्रपट जिल्ह्याजिल्ह्यांत दाखवला गेला, तर शेतकरी कुटुंबांतले प्रेक्षकही नक्की येतील.

– एक वाचक, सातारा