गाणारे काउबॉय स्टुडिओने घडवले नव्हते

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या अमेरिकन वेस्टर्न चित्रपटांवर आलेला लेख मी आवडीने वाचला. मोठ्या दिग्दर्शकांविषयी आणि त्यांच्या गाजलेल्या चित्रपटांविषयी लेखकाने मनापासून लिहिले आहे. गाणाऱ्या काउबॉयांना, म्हणजे घोड्यावर बसून गाणी म्हणणाऱ्या वेस्टर्नच्या नायकांना, मात्र त्यांनी एका परिच्छेदात निकालात काढले. स्टुडिओंनी जाहिरातीच्या जोरावर उभी केलेली ही बाहुली होती आणि जाहिरात थांबताच ती कोसळली, असे त्यांचे म्हणणे आहे. हे चित्रपट थोर होते असा माझा दावा नाही. आठ-पंधरा दिवसांत उरकलेल्या तासाभराच्या चित्रपटाकडून जेवढी अपेक्षा धरावी तेवढीच त्यांची योग्यता होती. पण जाहिरात कोणी केली, कोणाच्या पैशाने केली आणि तिचा लाभ शेवटी कोणाच्या पदरात पडला, या तीन प्रश्नांची लेखातली उत्तरे वस्तुस्थितीला धरून नाहीत. चित्रपट-वितरणाच्या कचेरीत अनेक वर्षे काम केल्यामुळे मला या बाबीचे विशेष अगत्य आहे, म्हणून हे पत्र.

मुळात या स्टुडिओंकडे जाहिरातीसाठी पैसाच नव्हता. मंदीच्या काळात अमेरिकेतील थिएटरांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली. मुख्य चित्रपटाच्या निर्मात्याला गल्ल्यातला टक्का मिळे, पण जोडीच्या चित्रपटाला बहुधा ठोक भाडे मिळे. आपल्याकडचे वितरक ज्याला फिक्स्ड हायर म्हणत तोच हा प्रकार. म्हणजे चित्रपट कितीही चालला तरी निर्मात्याची मिळकत आधीच ठरलेली. अशा व्यवहारात जाहिरातीवर जादा खर्च करणे हे हातचे पैसे घालवणे होते. रिपब्लिक, मोनोग्राम, ग्रँड नॅशनल यांसारख्या कमी खर्चाचे चित्रपट काढणाऱ्या संस्था थिएटरमालकाला एक प्रेसबुक (जाहिरात कशी करावी याची पुस्तिका), वर्तमानपत्रात छापण्यासाठी जाहिरातींचे तयार साचे, पोस्टरे आणि थिएटरच्या दर्शनी भागात लावायची लॉबी कार्डे पुरवीत, तीही विकत किंवा भाड्याने. पुढचे सारे थिएटरमालकाने करायचे. गावातल्या दुकानदाराशी संगनमत करून खिडकीत खोगीर आणि दोर मांडावा, शनिवारी सकाळी मुलांची मिरवणूक काढावी, घोड्यावर एक माणूस बसवून त्याला बाजारातून फिरवावे, अशा सूचनांनी ही प्रेसबुके भरलेली असत.

म्हणून जो नट स्वतःची प्रसिद्धी बरोबर घेऊन येईल, तोच या धंद्याला परवडणारा होता, आणि जीन ऑट्री नेमका तसा आला. टेक्ससमध्ये 1907 साली जन्मलेला आणि ओक्लाहोमात रेल्वेच्या तारखात्यात नोकरी केलेला हा माणूस 1934 साली पडद्यावर पहिल्यांदा दिसला, तोवर शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्रावरून मध्य-पश्चिमेतल्या शेतकरी कुटुंबांत त्याचा आवाज पोहोचलेला होता. हे केंद्र मुळात सिअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या पेढीने सुरू केले होते. ऑट्रीच्या ध्वनिमुद्रिका, गाण्यांची पुस्तके आणि त्याच्या नावाची गिटार सिअर्सच्या कॅटलॉगमध्ये विकायला होती. हा कॅटलॉग खेड्यापाड्यांतल्या घरोघरी जाई. ज्या गावात दीडशे-दोनशे खुर्च्यांचे एखादे थिएटर असेल, त्या गावात चित्रपट लागण्यापूर्वीच नायकाचे नाव, चेहरा आणि आवाज लोकांना ठाऊक होता, आणि त्यासाठी स्टुडिओने एक डॉलरही खर्च केलेला नव्हता. लेखकाने स्टुडिओला जे श्रेय दिले आहे त्यातले बरेचसे या कॅटलॉगचे आणि रेडिओचे आहे.

रिपब्लिकचे प्रमुख हर्बर्ट येट्स यांना हे चांगले कळत होते, हेही सांगायला हवे. फिल्म धुण्याची प्रयोगशाळा त्यांच्या मालकीची होती आणि ऑट्रीच्या ध्वनिमुद्रिका काढणारी अमेरिकन रेकॉर्ड कॉर्पोरेशनही त्यांच्याच ताब्यात होती. रेकॉर्ड खपली की तिच्या नावावर चित्रपट काढायचा आणि चित्रपट लागला की रेकॉर्ड पुन्हा खपवायची, असे ते चक्र होते. ‘टंबलिंग टंबलवीड्स’ हे लोकप्रिय गाणे 1935 साली ऑट्रीच्या पहिल्या नायकपटाचे नाव झाले, आणि ‘साउथ ऑफ द बॉर्डर’ने 1939 साली तेच केले. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की पडद्यावरच्या नायकाचे नावही ‘जीन ऑट्री’ असेच असे. पुष्कळदा तो रेडिओवर गाणारा गायकच असे आणि त्याच्या पश्चिमेत मोटारी, विमाने आणि मायक्रोफोन असत. समीक्षकांनी या कालविसंगतीची थट्टा केली आहे. प्रसिद्धीच्या दृष्टीने पाहिले तर ती फार विचारपूर्वक केलेली योजना वाटते, कारण प्रत्येक चित्रपट त्या माणसाच्या रेडिओ कार्यक्रमाची, गाण्यांची आणि गावोगावच्या दौऱ्याची जाहिरात करत होता.

बाहुले म्हणावे तर 1938 साली या बाहुल्याने मालकालाच थांबवले. आपले मानधन वाढावे आणि आपले चित्रपट देताना थिएटरमालकांच्या गळ्यात रिपब्लिकचे इतर पडेल चित्रपट मारले जाऊ नयेत, या दोन मागण्यांसाठी ऑट्रीने चित्रीकरणाला जाणे बंद केले. एक चालणारा हवा असेल तर चार न चालणारेही घ्या, ही सक्ती सोसणाऱ्या छोट्या थिएटरमालकांनी त्याच्याजवळ गाऱ्हाणी मांडली होती. दौऱ्यावर गावोगावी थिएटरांत प्रत्यक्ष गात फिरणाऱ्या नटालाच ती ऐकू येणे शक्य होते. हॉलिवूडमध्ये बसलेल्या बड्या ताऱ्याच्या कानावर ती गेली असती असे मला वाटत नाही. काही महिन्यांनी वाढीव मानधनावर समझोता झाला. एकगठ्ठा विक्रीची ती पद्धत मात्र 1948 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट आणि इतर बड्या स्टुडिओंविरुद्धच्या खटल्यात निकाल देईपर्यंत टिकली. ज्याला स्टुडिओच्या हातचे खेळणे म्हटले आहे, तो माणूस न्यायालयाच्या दहा वर्षे आधी या पद्धतीविरुद्ध उभा राहिला होता, हे आपल्या वाचकांना कळणे मला आवश्यक वाटते.

ऑट्री रुसून बसला तेव्हाच रिपब्लिकने ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’ या गायकवृंदातल्या लेनर्ड स्लाय या तरुणाला ‘रॉय रॉजर्स’ हे नाव देऊन उभे केले. येथे लेखकाच्या म्हणण्यात तथ्य आहे. हे नाव स्टुडिओचेच. ऑट्री 1942 च्या जुलैमध्ये सैन्यात दाखल झाला (त्याचा शपथविधीदेखील त्याच्याच रेडिओ कार्यक्रमात झाला), त्यानंतर रिपब्लिकने रॉजर्सवर खरोखरच सढळ हाताने खर्च केला. 1943 साली ‘किंग ऑफ द काउबॉइज’ या नावाचा चित्रपट काढून ती पदवी त्याला कायमची चिकटवली, आणि त्याच वर्षी जुलैच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर दोन पायांवर उभ्या राहिलेल्या ट्रिगर घोड्यासह तो झळकला. ट्रिगरचे नाव श्रेयनामावलीत नायकाच्या जोडीने येई आणि ‘चित्रपटसृष्टीतील सर्वांत हुशार घोडा’ अशी त्याची जाहिरात होई. दौऱ्यांवर त्याच्याऐवजी बहुधा त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा शिकवलेला घोडा नेला जाई. हॉटेलच्या नोंदवहीत तोंडात पेन्सिल धरून फुली मारणारा घोडा पाहायला वार्ताहर धावत येत आणि दुसऱ्या दिवशी गावच्या वर्तमानपत्रात फुकट छायाचित्र छापून येई.

पण रॉजर्सच्या बाबतीतही खरी हकीकत पुढेच आहे. चाहत्यांच्या पत्रांचा पाऊस पडू लागला तेव्हा उत्तरांच्या टपालाचा खर्च उचलायला रिपब्लिकने नकार दिला. रॉजर्सने दौरे काढून तो खर्च स्वतः भागवला. पुढे करार नव्याने करताना मानधन वाढवून मिळत नाही हे पाहून त्याने आपले नाव, आवाज आणि प्रतिमा यांचे व्यापारी हक्क मागून घेतले. स्टुडिओने ते दिले, कारण त्या काळी या हक्कांची किंमत स्टुडिओला कळली नव्हती. युद्धानंतर रॉजर्सच्या नावाच्या टोप्या, पिस्तुले, कंदील, घड्याळे, पलंगपोस आणि मुलांचे जेवणाचे डबे देशभर खपले. क्वेकर ओट्सने त्याचा रेडिओ कार्यक्रम चालवला, ‘पोस्ट’ या कंपनीच्या धान्यखाऊच्या खोक्यांवर त्याचा चेहरा आला. ऑट्रीच्या ‘मेलडी रँच’ कार्यक्रमाला 1940 पासून 1956 पर्यंत रिग्लीच्या डबलमिंट च्युइंगमचे पाठबळ होते. म्हणजे गाणाऱ्या काउबॉयची जाहिरात ओट्सवाले आणि च्युइंगमवाले आपल्या खर्चाने करत होते, त्याचे नाव वापरल्याबद्दल त्यालाच पैसे देत होते, आणि थिएटरची खुर्ची त्यामुळे आपसूक भरत होती. चित्रपट-धंद्यात प्रसिद्धीचा खर्च नेहमी उणे बाजूला लिहिला जातो. तो नटाच्या जमेच्या बाजूला कसा नेता येतो, हे या दोघांनी दाखवून दिले.

दूरदर्शन संच घराघरांत आल्यावर हा वाद न्यायालयात गेला. रिपब्लिकने जुने चित्रपट 53 मिनिटांपर्यंत कापून प्रायोजकांच्या जाहिरातींसह छोट्या पडद्यासाठी देण्याचे ठरवले. माझ्या चित्रपटाच्या मधोमध एखाद्या वस्तूची जाहिरात दाखवली तर मी त्या वस्तूची शिफारस करतो आहे असा प्रेक्षकाचा समज होईल, आणि शिफारशीचा हक्क तर कराराने माझा आहे, असा रॉजर्सचा युक्तिवाद होता. कनिष्ठ न्यायालयात तो जिंकला. 1954 साली अपिलात हरला. ऑट्री तर दोन्हीकडे हरला. तरी एखाद्या कलावंताचे नाव आणि चेहरा ही त्याची मालमत्ता आहे की चित्रपटाच्या मालकाची, हा प्रश्न इतक्या थेटपणे मांडला गेला तो शनिवारच्या दुपारच्या खेळातल्या या नटांमुळे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडचे नामवंत नट आपले नाव, आवाज आणि छबी यांच्या संरक्षणासाठी दिल्ली व मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेले, तेव्हाच्या बातम्या वाचताना मला या खटल्यांची आठवण होत असे.

‘जाहिरात थांबताच कोसळले’ हे विधानही तपासून पाहावे. सिनेमागृहांसाठीचे गाणारे वेस्टर्न 1953-54 च्या सुमारास संपले हे खरे. पण ऑट्रीने 1950 सालीच स्वतःच्या ‘फ्लाइंग ए’ संस्थेतर्फे दूरदर्शन मालिका सुरू केली होती आणि रॉजर्सची मालिका 1951 च्या अखेरीस सुरू होऊन 1957 पर्यंत चालली. प्रेक्षक जिकडे गेला तिकडे हे दोघे आपले नाव घेऊन गेले, कारण नाव त्यांच्या मालकीचे होते.

ज्यांना ही संधीच मिळाली नाही त्यांच्याविषयी लेखात एक ओळही नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. हर्ब जेफ्रीज या गायकाने 1937 ते 1939 या काळात केवळ कृष्णवर्णीय कलावंतांच्या चार वेस्टर्न चित्रपटांत नायकाचे काम केले आणि ‘ब्राँझ बकरू’ (तांबूस वर्णाचा काउबॉय) म्हणून त्याची ओळख झाली. त्याचा आवाज किती सुंदर होता हे जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाबरोबरच्या त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकून आजही कळते. घोड्यावर तो शोभून दिसे. परंतु त्याचे चित्रपट प्रामुख्याने कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी असलेल्या थिएटरांतच लागत आणि तशी थिएटरे मोजकीच होती. राष्ट्रीय रेडिओचा आठवड्याचा कार्यक्रम, घरोघरी जाणारा कॅटलॉग, खाऊच्या खोक्यावरचा चेहरा यांपैकी काहीही त्या काळच्या अमेरिकेत त्याला मिळणे शक्य नव्हते. ग्रँड नॅशनलने डोरोथी पेज हिला ‘गाणारी काउगर्ल’ म्हणून पुढे आणले, तेही तीन चित्रपटांतच आटोपले, आणि मग ती संस्थाच बुडाली. रॉजर्सच्या चित्रपटांची नायिका डेल इव्हान्स एवढी गाजली, पण पोस्टरवर तिचे नाव रॉजर्स आणि त्याच्या घोड्यानंतर येत असे. केवळ जाहिरातीने तारे घडत असते तर जेफ्रीज आणि पेज यांच्या वाट्याला आलेल्या पदव्या आणि पोस्टरे काही कमी आकर्षक नव्हती. त्यांच्यामागे श्रोते जमवून देणारी माध्यमेच नव्हती.

लेखाच्या पुढच्या भागात स्टुडिओने घडवलेल्या बाहुल्यांविषयीचे विधान दुरुस्त करावे, 1938 चा संप आणि 1954 चे निकाल यांचा उल्लेख करावा आणि हर्ब जेफ्रीजचे एखादे पोस्टर नावासह छापावे, अशी माझी आपणांस व लेखकमहाशयांना विनंती आहे. या काळातली प्रेसबुके आणि लॉबी कार्डे अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी जपून ठेवली आहेत. लेखकांनी ती चाळली तर चित्रपटांपेक्षाही अधिक माहिती त्यांना तेथे मिळेल, असा मला भरवसा वाटतो.

आपला विश्वासू,
एक वाचक
दादर, मुंबई